कॅथलिक प्राथमिक शाळेतील कला, संगीत आणि शारीरिक शिक्षण: पालकांचे नेहमीचे प्रश्न

मी प्राथमिक वर्गांना संगीत शिकवते. पालकसभेच्या दिवशी गणिताच्या नि भाषेच्या शिक्षकांपुढे रांग असते. चित्रकलेच्या बाई, पी.टी.चे सर आणि मी, आमच्याकडे मोजकेच पालक येतात, पण येतात ते काहीतरी मनात धरून. वर्षानुवर्षं जे प्रश्न फिरून फिरून आले, ते आम्ही तिघांनी एकत्र बसून काढले. उत्तरं मी लिहिली आहेत. चित्रकलेची आणि खेळाची उत्तरं त्या दोघांनी तपासून दिली आहेत.

कॅथलिक शाळेत या विषयांना काही वेगळं स्थान असतं का?

असतं, निदान असायला हवं. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात ‘शब्द देही झाला’, म्हणजे देव माणूस झाला, असं म्हटलं आहे. ख्रिस्ती श्रद्धेचा सगळा डोलारा त्या एका वाक्यावर उभा आहे. श्रद्धा ही नुसती डोक्यानं समजून घ्यायची गोष्ट असती, तर मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, उभं राहणं, गुडघे टेकणं, गाणं, धूप, मेणबत्त्या, धर्मगुरूंच्या झग्यांचे रंग यांचं काही कामच नव्हतं. कॅथलिक माणूस डोळ्यांनी, कानांनी, गुडघ्यांनीही प्रार्थना करतो. मग त्याच्या शाळेनं मुलाचा देह बाकावर बसवून ठेवायचा आणि फक्त बुद्धीला शिकवायचं, हे कसं जमेल?

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेनं, 1965 साली शिक्षणावर घोषणापत्र काढलं. मुलांच्या शारीरिक, नैतिक आणि बौद्धिक गुणांचा मेळ साधत विकास व्हावा, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. त्याच्याही पुष्कळ आधी संत जॉन बॉस्को यांनी (जन्म 1815) हे करून दाखवलं होतं. लहानपणी ते दोरीवरून चालायचे, हातचलाखीचे खेळ करायचे. पोरं जमली की खेळाच्या मध्येच रविवारचं प्रवचन आठवून सांगायचे आणि जपमाळ म्हणायला लावायचे. पुढे त्यांनी गरीब मुलांसाठी जी घरं उघडली, तिथं खेळाचं अंगण आणि वाजंत्री यांना वर्गाइतकंच महत्त्व होतं.

म्हणून कोणी या तासांना ‘जादा विषय’ म्हटलं की मला वाईट वाटतं.

आमचं मूल कॅथलिक नाही. त्याला प्रार्थनागीतं म्हणायला लावतात का?

संगीताच्या तासाला ही गीतं शिकवली जातात, कारण ती शाळेच्या जगण्याचा भाग आहेत. सूर, ताल, शब्द म्हणून सगळेच शिकतात. पण गाणं शिकणं वेगळं आणि ती प्रार्थना आपली मानणं वेगळं. धर्माच्या बाबतीत कुणावरही बळजबरी करू नये, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंच 1965 च्या धर्मस्वातंत्र्यावरच्या घोषणापत्रात सांगितलं आहे. तुमच्या मुलानं एखादी ओळ म्हणू नये असं वाटत असेल, तर वर्षाच्या सुरुवातीलाच शिक्षकांना सांगा. ते मूल त्या गाण्याला ताल धरेल, पानं उलटेल किंवा शांतपणे ऐकेल. मात्र त्याला वर्गाबाहेर उभं करू नये. तसं कुठं होत असेल तर शाळेची चूक आहे, आणि ती तुम्ही जरूर दाखवून द्या.

संगीताच्या तासाला नेमकं काय शिकवतात? नुसती गाणी पाठ करून घेतात का?

नुसती पाठ करून घेत असतील तर अर्धाच विषय शिकवला जातोय.

पहिली-दुसरीत सगळा भर ऐकण्यावर आणि अंगावर असतो. टाळी, चुटकी, पावलं, वर जाणारा सूर, खाली येणारा सूर. बोलण्याचा आवाज कुठला, ओरडण्याचा कुठला आणि गाण्याचा कुठला, एवढा फरक मुलाला कळला तरी पहिलीचं वर्ष सार्थकी लागलं असं मी मानते. तिसरी-चौथीपासून स्वरांची नावं, हातांच्या खुणा, पाच रेघांवरची लिपी, साधी वाद्यं, आणि एकाच वेळी दोन ओळी गाणं येतं.

डो-रे-मी ही नावं कुठून आली, ते मी दरवर्षी मुलांना सांगते, कारण ती गोष्ट चर्चमधल्या एका शिक्षकाचीच आहे. अकराव्या शतकात इटलीत आरेझ्झोचा ग्विदो नावाचा एक संन्यासी पोरांना गायन शिकवायचा. तेव्हा स्तोत्रं ऐकून ऐकूनच बसवावी लागत. ग्विदोनं संत योहान बाप्तिस्ताचं एक लॅटिन स्तोत्र घेतलं. त्याच्या पहिल्या कडव्यातल्या सहा चरणांत प्रत्येक चरण आधीच्यापेक्षा एक स्वर वरून सुरू होतो. त्या चरणांची पहिली अक्षरं म्हणजे उट, रे, मी, फा, सोल, ला. म्हणायला अवघड म्हणून ‘उट’चा पुढे ‘डो’ झाला आणि सातवा स्वरही नंतर आला. स्वर रेघांवर मांडून ठेवण्याची पद्धतही ग्विदोनंच पक्की केली. आधी गायक घडवायला दहा वर्षं लागत, आता वर्षा-दोन वर्षांत काम होतं, असं त्यानंच लिहून ठेवलं आहे. ‘सा रे ग म’ घरी शिकलेली मुलं हे ऐकून हरखतात. दोन्हीकडे दुसरा स्वर ‘रे’च, हे त्यांच्या पहिल्यांदा तिथंच लक्षात येतं.

मिस्सेत मुलांनी साध्या, आवडीच्या चालींवर गायलं तर काय बिघडलं?

साधेपणानं काहीच बिघडत नाही. 1973 साली व्हॅटिकननं मुलांच्या मिस्सेसाठी खास मार्गदर्शिका काढली. मुलांनी गावं, स्वतः वाद्यं वाजवावीत, मिरवणुकीत चालावं, त्यांनी केलेली चित्रं वापरावीत, असं सगळं तिच्यात आहे. त्याआधी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या 1963 च्या उपासनाविषयक दस्तऐवजात ग्रेगोरियन गायनाला, म्हणजे चर्चच्या जुन्या लॅटिन गायनाला, मानाची जागा दिली आहे, आणि निरनिराळ्या लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेलाही योग्य स्थान द्यावं असं सांगितलं आहे. म्हणजे एका बाजूला पुरातन लॅटिन ओळ आणि दुसऱ्या बाजूला मुलांच्या मातृभाषेतली चाल, दोन्ही चालतात. मला तर दोन्ही हवीतच असं वाटतं. सहा-सात वर्षांची मुलं ‘किरिये एलेइसोन’ (‘प्रभू, दया कर’) ही जुनी ग्रीक ओळसुद्धा किती सहज म्हणतात, ते एकदा येऊन ऐका.

फरक आहे तो हेतूत. रंगमंचावर मुलं श्रोत्यांसाठी गातात. मिस्सेत समोर श्रोते नसतातच, सगळे मिळून गात असतात. म्हणून तिथं एकट्या मुलाला माईक देऊन टाळ्या मिळवणं मला पटत नाही.

आणखी एक गोष्ट पालकांना ठाऊक नसते. उपवासकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत, मिस्सेत ‘आलेलुया’ (‘देवाची स्तुती करा’) हा आनंदाचा शब्द म्हणत नाहीत आणि वाद्यं फक्त गाण्याला आधार म्हणून वाजतात. मी या दिवसांत वर्गातही तो शब्द काढत नाही. मुलं तो कागदावर लिहून रंगवतात आणि पेटीत बंद करून ठेवतात. ईस्टरनंतर पेटी उघडून पहिल्यांदा ‘आलेलुया’ म्हटलं जातं, तेव्हा खोलीत जो आवाज होतो तो वर्षभरात पुन्हा कधी होत नाही. संगीतात गप्प राहण्यालाही मोल असतं, हे त्यांना त्या दिवशी आपोआप कळतं.

माझा मुलगा बेसूर गातो. त्याला गायनवृंदात घेणार का?

वर्गातल्या गायनात तर तो असणारच, तिथं निवड नसते. या वयातली बरीचशी ‘बेसूर’ मुलं खरं तर बेसूर नसतात. त्यांना आपला वरचा, हलका आवाज सापडलेला नसतो आणि ती बोलण्याच्या जाड आवाजातच गायला बघतात. घुबडासारखा, वाऱ्यासारखा, शिट्टीसारखा आवाज काढायला लावला की तो आवाज सापडतो, आणि मग सूरही मिळायला लागतो. काहींना एक महिना लागतो, काहींना दोन वर्षं.

एका शाळेत मी लहान असताना बाईंनी मला ‘तू नुसते ओठ हलव’ असं सांगितलं होतं. त्यानंतर कित्येक वर्षं मी तोंड उघडून गायले नाही. म्हणून हे वाक्य माझ्या वर्गात कुणी उच्चारलेलं मला चालत नाही.

वरच्या वर्गांचा निवडक गायनवृंद असू शकतो. तिथं चाचणी घेतली तरी हरकत नाही, फक्त त्यामुळे बाकीच्यांचा तास कमी होता कामा नये.

घरी वाद्य घ्यावं का?

लगेच नको. आधी मूल वर्षभर गाऊ दे. शाळेत रेकॉर्डर म्हणजे ती साधी तोंडानं फुंकायची बासरी शिकवत असतील, तर तेवढी पुरे. आणि ती प्रत्येकाची स्वतंत्र हवी, आळीपाळीनं एकच फुंकायची नाही.

चित्रकलेच्या तासाला फक्त धार्मिक चित्रंच काढायला लावतात का?

नाही. रेघ, रंग, आकार, माती, कागद, ठसे, कापड, आपला हात, खिडकीतून दिसणारं झाड, हेच बहुतेक काम असतं. पण धार्मिक चित्रांशी ओळखही होते, आणि ती व्हावी असं आम्हाला वाटतं.

चर्चचा चित्रांशी संबंध जुना आहे आणि भांडणाचाही आहे. सन 600 च्या सुमारास मार्सेच्या बिशपांनी, लोक पूजा करतात म्हणून, चर्चमधली चित्रं फोडून टाकली. पोप पहिले ग्रेगरी यांनी त्यांना पत्र लिहून समज दिली. वाचता येणाऱ्याला जे लिखाणातून मिळतं तेच न येणाऱ्याला चित्रातून मिळतं, असा त्यांचा मुद्दा होता. पुढे पुन्हा मोठा वाद पेटला आणि 787 साली नायसियाच्या दुसऱ्या परिषदेनं प्रतिमांच्या बाजूनं कौल दिला. तो कौल उलटा लागला असता तर चर्चच्या रंगीत काचा, भिंतीवरची चित्रं, पुतळे यांतलं फारच थोडं आज उरलं असतं. पाचवीच्या मुलांना हा वाद सांगून दोन बाजू घ्यायला लावल्या की ती कमालीची तावातावानं बोलतात. पहिलीच्या मुलाला अर्थातच ग्रेगरी नकोत. त्याच्यासाठी काळा कागद, जिलेटिनचे रंगीत तुकडे आणि ऊन पुरतं.

मिस्सेतल्या झग्यांच्या रंगांचंही तसंच आहे. आगमनकाळात (नाताळच्या आधीच्या आठवड्यांत) आणि उपवासकाळात जांभळा, नाताळ आणि ईस्टरला पांढरा, पेंटेकॉस्टला, म्हणजे पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणाला, लाल, सर्वसाधारण काळात हिरवा. वर्षातून दोनच रविवारी गुलाबी चालतो, एक आगमनकाळातला तिसरा आणि एक उपवासकाळातला चौथा. आमच्या चित्रकलेच्या बाई वर्षभराचं एक मोठं गोल दिनचक्र मुलांकडून रंगवून घेतात. तांबड्यात निळा मिसळून जांभळा होतो, आणि त्यात पांढरा टाकत गेलं की तो कसा फिकट होत जातो, हा रंगमिश्रणाचा धडा मुलं त्यातच गिरवतात.

मुलीनं येशूला चष्मा घातलेला काढलाय. बाईंनी काही सांगायला नको का?

बाईंनी विचारलं होतं. तिच्या आजोबांना चष्मा आहे आणि ते फार प्रेमळ आहेत, म्हणून. चित्र आहे तसं भिंतीवर लागलं.

सहा ते नऊ वर्षांचं मूल डोळ्यांना दिसतं तसं चित्र काढत नाही. त्याला जे ठाऊक असतं आणि महत्त्वाचं वाटतं, ते काढतं. ज्याचं महत्त्व जास्त त्याचं डोकं मोठं. नऊ-दहाच्या पुढे त्याला स्वतःलाच ‘खऱ्यासारखं’ काढायची ओढ लागते, आणि जमत नाही म्हणून पुष्कळ मुलं चित्रं काढणं सोडून देतात. तंत्र शिकवायची खरी गरज तेव्हा असते. त्याआधी दुरुस्त्या केल्या तर ती वेळ येईपर्यंत मूल टिकतच नाही.

मग घरी आम्ही थोडं सुधारून दिलं तर?

देऊ नका. अगदी रेघसुद्धा नको.

नाताळच्या नाटकात भूमिका कशा देतात? दरवर्षी त्याच मुलांना मोठी कामं मिळतात.

ही तक्रार सगळ्यांत जास्त येते, आणि बऱ्याचदा ती खरी असते. ज्याचं पाठांतर चांगलं, जे मूल धीट, ज्याचे आईवडील पोशाख वेळेवर आणतात, त्याच्याकडे मोठं काम जातं. त्यात गोरी, लांब केसांची मुलगी म्हणजेच मरिया ही समजूत अजून कुठं कुठं टिकून आहे. ती मोडलीच पाहिजे. नाझरेथच्या मरियेचा रंग कुणी पाहिलेला नाही.

1223 च्या नाताळात संत फ्रान्सिस यांनी इटलीतल्या ग्रेच्चो गावात येशूजन्माचा जो देखावा केला, त्याची आठवण मी अशा वेळी काढते. तिथं होतं काय? चाऱ्याची गव्हाण, गवत, एक बैल, एक गाढव, आणि मशाली घेऊन आलेली गावातली माणसं. संवाद पाठ केलेलं कुणी मुख्य पात्र नव्हतंच. मुलांच्या नाटकालाही हाच नमुना चांगला आहे. निवेदन सगळ्या वर्गाचं, गाणी सगळ्यांची, आणि मरिया, योसेफ, देवदूत हे दर प्रवेशात बदलणारे. डोक्यावरची ओढणी एकीकडून दुसरीकडे दिली की मरिया बदलली. प्रेक्षकांना ते एका मिनिटात कळतं.

ज्यांना खरोखर रंगमंचावर यायचं नाही, त्यांच्यासाठी पडदा, दिवे, आवाज, नेपथ्य ही कामं असतात. तिथं मुलाला ‘ठेवून’ देऊ नये, त्याला ते काम शिकवावं.

रोज किती व्यायाम हवा? आठवड्यातले दोन-तीन पी.टी.चे तास पुरतात का?

नाही पुरत. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वयोगटासाठी दिवसाला सरासरी 60 मिनिटं मध्यम ते जोमदार हालचाल सांगते, आणि त्यात आठवड्यातून निदान 3 दिवस स्नायू नि हाडं बळकट करणारी. पी.टी.चा तास त्यातला थोडाच भाग भरतो. रांग लावणं, हजेरी, साहित्य काढणं, यात वेळ गेला तर तोही नाही. उरलेलं मधल्या सुटीतून, चालत येण्यातून आणि घरच्या खेळातून भरायचं असतं. म्हणून मधली सुटी कापून अभ्यास घेणं म्हणजे मुलाच्या तोंडचा घास काढून घेण्यासारखं आहे, असं आमचे सर म्हणतात आणि मी त्यांच्या बाजूनं आहे.

प्राथमिक वर्गात एखाद्या खेळाचं खास प्रशिक्षण नको. धावणं, उडी, तोल, वळणं, फेकणं, झेलणं, लाथेनं मारणं, लोळण घेणं, हे आधी अंगात मुरू दे. ज्याला चेंडू झेलता येत नाही तो पुढे कुठल्याच खेळात रमत नाही, आणि झेलणं हे शिकवून येतं.

प्रार्थना आणि प्रेम शिकवणाऱ्या शाळेत स्पर्धा कशाला?

‘अधिक वेगवान, अधिक उंच, अधिक बलवान’ हे ऑलिंपिकचं ब्रीद सगळ्यांना माहीत आहे. ते मुळात एका कॅथलिक शाळेच्या मैदानावरचं आहे, हे थोड्यांना ठाऊक असतं. आंरी दिदों हे डोमिनिकन धर्मगुरू पॅरिसजवळच्या आर्क्योच्या शाळेचे मुख्याध्यापक होते. 1891 साली मुलांच्या खेळांच्या वेळी त्यांनी ते तीन लॅटिन शब्द वापरले आणि त्यांचे स्नेही, आधुनिक ऑलिंपिकचे जनक पिएर द कुबर्तां यांनी ते 1894 मध्ये ऑलिंपिकसाठी उचलले. 2021 साली त्यात ‘एकत्र’ हा शब्द जोडला गेला. मला वाटतं तो आधीपासूनच गृहीत होता.

संत पौलही धावण्याच्या शर्यतीचा दाखला देतात. 2018 साली व्हॅटिकननं खेळावर जो सविस्तर दस्तऐवज काढला, त्यात खेळाचं कौतुक आहेच, पण काहीही करून जिंकण्याच्या हव्यासाबद्दल इशाराही आहे. तेव्हा स्पर्धा असावी. पण गुणफलक सतत वर ठेवू नये. आठ वर्षांच्या मुलांच्या खेळात कडेनं ओरडणारे बहुतेक वेळा आम्ही मोठेच असतो.

टीम पाडताना आमच्या मुलाला शेवटपर्यंत कुणी घेत नाही.

मग कप्तानांना टीम निवडायला देणंच बंद करायला हवं. सरांशी थेट बोला. पाडायच्या तऱ्हा पुष्कळ आहेत: वाढदिवसाचा महिना, चिठ्ठ्या, रंगीत फिती. ‘बाद झालास, कडेला बस’ या खेळांचंही तसंच. ज्याला हालचालीची सर्वांत गरज, तोच पहिल्यांदा बाद होऊन बसून राहतो.

दमा आहे, पायात दोष आहे. सूट मागावी का?

सूट मागण्याआधी बदल मागा. डॉक्टरांकडून ‘काय करू नये’ याच्याबरोबर ‘काय करता येईल’ हेही लिहून आणा. दम्याचा पंप मैदानावर सरांच्या हाताशी हवा, कार्यालयाच्या कपाटात नको. खुर्चीवर बसून चेंडू फेकता येतो, मोठा आणि हलका चेंडू वापरता येतो, अंतर कमी करता येतं. आपलं शरीर पवित्र आत्म्याचं मंदिर आहे असं आम्ही मुलांना शिकवतो. ते वचन फक्त धावू शकणाऱ्या शरीरांसाठी नाही.

उपवासकाळात मुलं पी.टी. करतात का?

करतात. चर्चच्या नियमानुसार उपवासाचं बंधन 18 वर्षं पूर्ण झाल्यावर लागू होतं आणि मांसत्यागाचं 14 पूर्ण झाल्यावर. प्राथमिक शाळेतलं मूल दोन्हींत येत नाही. त्यानं डबा खावा, खेळावं. त्याला त्याग करायचाच असेल तर आपली झोक्याची पाळी दुसऱ्याला देता येईल.

परीक्षा जवळ आली की हे तास गणिताला देतात. ते योग्य आहे का?

नाही. आणि शिक्षा म्हणून पी.टी. किंवा चित्रकला बंद करणं तर मुळीच योग्य नाही. वाचनात मागे पडलेल्या मुलाला गाण्याच्या तासाला बाहेर काढून शिकवलं, तर दिवसातली एकच जागा जिथं ते पुढे होतं, तीही जाते. वर्गशिक्षकांची ओढाताण मी जवळून पाहते, त्यांच्यावर राग नाही. पण तास उधार दिला की तो परत येत नाही. तुमच्या मुलाच्या बाबतीत असं वारंवार होत असेल तर लेखी विचारा.

या विषयांत गुण कशावर देतात?

जन्मजात देणगीवर देऊ नयेत. सुरुवातीला कुठं होतं आणि आता कुठं आलं, प्रयत्न केला का, दुसऱ्याचं ऐकलं का, यावर. शेरा लिहिताना मी ‘चांगलं’ हा शब्द टाळते, त्यातून पालकांना काहीच कळत नाही. ‘आता एकटीनं पाच स्वरांची ओळ गाते’ असं लिहिलं की कळतं.

प्रवेशाआधी शाळा पाहायला गेलो तर या विषयांबद्दल काय पाहावं?

वेळापत्रक मागाच, पण त्याहून, गेल्या महिन्यात यातले किती तास खरोखर झाले ते विचारा. भिंतीवरची चित्रं जवळ जाऊन पाहा. तीसच्या तीस एकसारखी असतील तर ती मुलांची नाहीत. पेट्यांमधली वाद्यं धूळ खात आहेत का, चेंडू फुगलेले आहेत का, ते बघा. शाळेच्या मिस्सेला जाता आलं तर पुढच्या गायनवृंदाकडे पाहू नका, शेवटच्या बाकांवरची मुलं गातात का ते ऐका. आणि मधल्या सुटीत मैदानाच्या कडेला दहा मिनिटं उभं राहून, कोण नुसतं उभं आहे आणि त्याच्याकडे कुणी जातंय का, तेवढं बघून या.